जी६पीडी जनुक व त्याचे प्रथिन : वैद्याने जाणून घ्यावे असे काही

प्रास्ताविक

‘आयुर्वेदाच्या औषधाने गुण आला नाही तरी अपाय होत नाही’ हे वाक्य रुग्णांच्या तोंडी रुळलेले आहे आणि आपणही ते फारसे खोडून काढीत नाही. वस्तुतः युक्तीने योजलेले विषही औषध होते व अयुक्तीने योजलेले उत्तम औषधही विषासमान ठरते, हा चरकाचार्यांचा सिद्धांत आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच अभ्यासलेला आहे. ही युक्ती ठरविताना देश, काल, वय, बल, प्रकृती व सात्म्य यांचा विचार आपण करतो. रुग्णाने मातापित्यांकडून आणलेल्या बीजाचा विचार मात्र बहुधा मधुमेह, श्वास किंवा अर्शासारख्या व्याधींच्या कुलवृत्तांतापुरताच राहतो. एकच द्रव्य शंभर जणांना निर्धोक ठरावे आणि एखाद्याच्या रक्तधातूचा दोन दिवसांत नाश करावा, असे का घडते, याचे एक अत्यंत स्पष्ट उत्तर आधुनिक जनुकशास्त्राने दिलेले आहे. ते उत्तर म्हणजे ‘जी६पीडी’ हे जनुक व त्यापासून तयार होणारे प्रथिन.

या विषयाकडे वैद्यवर्गाचे लक्ष वेधावे असे आम्हास वाटण्याचे कारण व्यावहारिक आहे. या प्रथिनाची उणीव असलेल्या व्यक्तींना अपाय करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत केवळ रासायनिक औषधे नाहीत. आपल्या परिचयाच्या काही वनस्पतीही आहेत.

जनुक व प्रथिन : रचना

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज या लांबलचक नावाच्या विकराचे, म्हणजेच एन्झाइमचे, संक्षिप्त नाव जी६पीडी असे आहे व त्याच्या जनुकासही तेच नाव आहे. हे जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेच्या अगदी टोकाशी वसलेले आहे. रक्त न गोठण्याच्या हीमोफिलिया ए या व्याधीशी संबंधित जनुक व वर्णांधत्वाशी संबंधित जनुके हे त्याचे शेजारी होत. जी६पीडी जनुकात तेरा एक्झॉन, म्हणजे अंतिम संदेशात टिकून राहणारे खंड, असून त्यांपैकी पहिल्या खंडातून प्रथिनाचा कोणताही भाग तयार होत नाही. या जनुकाची प्रत १९८६ मध्ये प्रयोगशाळेत वेगळी करण्यात आली. मानवी प्रथिनाची त्रिमितीय रचना २००० साली स्फटिक-अभ्यासाने उलगडली.

प्रथिनाची एक साखळी ५१५ अमिनो आम्लांची असते. एकटी साखळी निष्क्रिय असते. दोन साखळ्या जुळल्या, किंवा अशा दोन जोड्या एकत्र आल्या, म्हणजेच विकर कार्यक्षम होते. दोन साखळ्या जेथे परस्परांना भिडतात त्या जागेजवळ एनएडीपी या सहविकराचा एक रेणू कायम बसलेला असतो. हा रेणू रासायनिक क्रियेत भाग घेत नाही, त्याचे काम रचना टिकवून धरण्याचे आहे. या सांध्याच्या परिसरातील एखादे अमिनो आम्ल बदलले की विकर अस्थिर होते, म्हणून उणिवेचे सर्वांत तीव्र प्रकार प्रायः याच भागातील बदलांमुळे उद्भवतात.

हे जनुक शरीरातील प्रत्येक पेशीत कार्यरत असते. आजवर यात दोनशेहून अधिक निरनिराळी उत्परिवर्तने नोंदली गेली आहेत. बहुतेकांत एखाद-दुसरे अमिनो आम्लच बदललेले असते. जनुक समूळ निकामी झालेले आढळत नाही, कारण विकराचा संपूर्ण अभाव गर्भावस्थेतच जीवनाशी विसंगत ठरतो, असे उंदरांवरील अभ्यासांवरून दिसून आले आहे.

तांबड्या पेशीतील कार्य

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचा मोठा भाग ऊर्जेसाठी वापरला जातो. थोडा भाग मात्र पेंटोज फॉस्फेट मार्ग या नावाच्या आडवाटेने जातो. जी६पीडी हे या आडवाटेच्या प्रवेशद्वारावरील विकर होय. ते ग्लुकोज-६-फॉस्फेटमधून हायड्रोजन काढून एनएडीपीला देते व एनएडीपीएच हा रेणू तयार होतो. हा एनएडीपीएच पुढे ग्लुटाथायोनला त्याच्या क्षपित, म्हणजे कार्यक्षम, स्थितीत ठेवतो आणि ग्लुटाथायोन पेशीतील हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या दाहक ऑक्सिडीकारकांचा निचरा करते.

घरगुती दृष्टांत द्यावयाचा तर ग्लुटाथायोन हे पुसण्याचे फडके आहे. पुसताना ते मळते, आणि पुन्हा वापरण्यासाठी धुवावे लागते. एनएडीपीएच हे ते धुण्याचे पाणी व जी६पीडी हा ते पाणी पुरविणारा नळ. शरीरातील इतर पेशींना असे पाणी मिळविण्याचे अन्य मार्गही उपलब्ध आहेत. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते व तंतुकणिकाही नसतात, म्हणून तिला हा एकच नळ असतो. शिवाय केंद्रक नसल्यामुळे ती नवे विकर तयार करू शकत नाही. जन्मतः मिळालेल्या साठ्यावर तिला सुमारे १२० दिवस काढावे लागतात. निरोगी व्यक्तीत या विकराची क्रियाशीलता निम्मी होण्यास सुमारे ६० दिवस लागतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या ‘ए-ऋण’ या प्रकारात तेवढीच घट सुमारे १३ दिवसांत होते, तर भूमध्यसागरी प्रकारात ती याहूनही कितीतरी वेगाने होते.

एरवी अशी पेशी कसाबसा आपला निर्वाह करते. ऑक्सिडीकारक द्रव्य शरीरात आले की मात्र तिचे बळ तोकडे पडते. हिमोग्लोबिनचा विघात होऊन त्याचे गोळे पेशीच्या आवरणाला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट रंजकाने दिसणाऱ्या या गोळ्यांना हाइन्झ कण म्हणतात. प्लीहेतून जाताना अशा पेशींचा लचका तोडल्याप्रमाणे भाग निघून जातो, काही पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, आणि मुक्त झालेले हिमोग्लोबिन मूत्रावाटे बाहेर पडून मूत्र काळपट तांबडे होते.

शोधाचा इतिहास

जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वारबुर्ग यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी या विकराचे अस्तित्व दाखवून दिले. त्याच्या उणिवेचा शोध मात्र मलेरियाच्या औषधांमुळे लागला. १९२०च्या दशकात पामाक्विन हे कृत्रिम औषध वापरात आल्यावर काही रुग्णांत अकस्मात रक्तकणांचा नाश होत असल्याचे ध्यानात आले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग झाले. आजच्या संशोधन-नीतीला ते मान्य होणार नाहीत, ही गोष्ट येथे नमूद करणे आम्ही आवश्यक समजतो. त्या प्रयोगांत प्रायमाक्विन सोसत नसलेल्या व्यक्तीच्या खुणा केलेल्या रक्तपेशी ते सोसणाऱ्या व्यक्तीस देण्यात आल्या. औषध देताच केवळ त्या परक्या पेशीच नष्ट झाल्या. याच्या उलट क्रम केल्यावर निरोगी व्यक्तीच्या पेशी टिकून राहिल्या. दोष रक्तरसात नसून पेशीतच आहे, हे यावरून निश्चित झाले. १९५६ मध्ये कार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष म्हणजे जी६पीडी विकराची उणीव होय, असे ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

वारशाचा प्रकार

जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषात त्याची एकच प्रत असते. ती सदोष असली की उणीव पूर्णांशाने प्रकट होते. स्त्रीत दोन प्रती असतात. तथापि प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच एक्स गुणसूत्र जागे राहते, असे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले व पुढील वर्षी बॉइटलर व सहकाऱ्यांनी याच विकराच्या साहाय्याने मानवी स्त्रियांच्या रक्तात त्याची प्रचीती घेतली. म्हणून वाहक स्त्रीच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. त्यांचे प्रमाण स्त्रीपरत्वे भिन्न असते, त्यामुळे काही वाहक स्त्रियांनाही त्रास होऊ शकतो. ‘हा पुरुषांचा विकार आहे’ असे म्हणून स्त्रीरुग्णाकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

वाहक मातेच्या प्रत्येक पुत्रास हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. बाधित पिता तो पुत्रास देऊ शकत नाही, कन्येस मात्र निश्चितपणे देतो. म्हणूनच कुलवृत्तांत घेताना मामा, मावसभाऊ व आईचे वडील यांच्याविषयी आवर्जून विचारले पाहिजे.

आढळ : मलेरियाची छाया व ‘कल्याण’चे नाव

जगात ४० कोटींहून अधिक लोकांत ही उणीव असावी असा अंदाज आहे. आफ्रिका, भूमध्यसागराचा परिसर, पश्चिम आशिया, भारत व आग्नेय आशिया या पूर्वापार मलेरियाग्रस्त प्रदेशांत ती अधिक आढळते. उणीव असलेल्या रक्तपेशीत मलेरियाच्या परजीवीस नीट वाढता येत नाही, त्यामुळे तीव्र मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते व हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो, असे यामागील सर्वमान्य स्पष्टीकरण आहे.

भारतात निरनिराळ्या समाजगटांतील पाहण्यांत हे प्रमाण शून्यापासून सुमारे २७ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. मुंबईतील पारशी समाजात ते अधिक असल्याचे १९६०च्या दशकातच दाखविले गेले. आपल्याकडे मुख्यत्वे तीन उत्परिवर्तने दिसतात. भूमध्यसागरी प्रकारात १८८व्या स्थानी सेरीनऐवजी फेनिलअॅलानीन येते व विकराची क्रियाशीलता अत्यल्प उरते. ओरिसा प्रकार आदिवासी समाजांत विशेषत्वाने आढळतो. त्यात ४४व्या स्थानी अॅलानीनची जागा ग्लायसीन घेते. तिसरा प्रकार केरळ-कल्याण या नावाचा असून त्यातील ‘कल्याण’ हे आपल्याच ठाणे जिल्ह्यातील कल्याण होय. एका कोळी कुटुंबात आढळलेल्या प्रकारास १९८४ मध्ये हे नाव देण्यात आले. केरळमधील प्रकार तोवर वेगळा समजला जात होता. १९९२ मध्ये दोहोंत ३१७व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन हा एकच बदल असल्याचे सिद्ध झाले व नावे जोडली गेली.

हे प्रमाण समाजगटांत मोजले जात असले तरी चिकित्सकापुढे बसलेला रुग्ण एक व्यक्ती असतो. आडनाव वा जात पाहून ‘याला असेल’ किंवा ‘याला नसेल’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

लक्षणे व निदान

उणीव असलेल्या बहुतांश व्यक्ती आयुष्यभर निरोगी असतात. रोगाचे प्रकटीकरण प्रामुख्याने चार प्रकारे होते :

१. नवजात अर्भकाची तीव्र कामला. ही सहसा जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. वेळीच उपचार न झाल्यास बिलिरुबिन मेंदूत साचून कायमची इजा होऊ शकते.

२. औषध, आहारद्रव्य वा संसर्ग यांमुळे उद्भवणारे तीव्र रक्तकणविघटन. हेतुसेवनानंतर साधारणतः एक ते तीन दिवसांत दौर्बल्य, कटिशूल वा उदरशूल, त्वचेची पांडुता, नेत्रपीतता व काळपट मूत्र ही लक्षणे दिसतात.

३. बाकल्याच्या शेंगा खाल्ल्याने होणारा फेविझम.

४. क्वचित आढळणारे, हेतूवाचूनही सतत चालणारे दीर्घकालीन रक्तकणविघटन.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या प्रकारांचे नवे वर्गीकरण केले. त्यात सतत रक्तकणविघटन होणारे प्रकार ‘ए’, हेतूमुळे विघटन होणारे ‘बी’, त्रास न होणारे ‘सी’ व अनिश्चित ते ‘यू’ या वर्गांत घातले आहेत.

निदानासाठी फ्लुरोसंट स्पॉट ही गुणात्मक चाचणी व विकराची क्रियाशीलता मोजणारी संख्यात्मक चाचणी उपलब्ध आहेत. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. तीव्र अवस्थेत जुन्या, विकर संपलेल्या पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात व तरुण पेशी भरपूर असतात. त्या वेळी केलेली चाचणी प्राकृत येऊ शकते. संशय असल्यास सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. वाहक स्त्रियांत संख्यात्मक चाचणीच अधिक उपयुक्त ठरते.

प्रमेहाच्या रुग्णांची चिकित्सा करणाऱ्या वैद्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. रक्तपेशींचे आयुष्य घटले की एचबीए१सी ही तपासणी वास्तवापेक्षा कमी आकडा दाखविते. २०१७ मध्ये आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन लोकांच्या मोठ्या अभ्यासात या जनुकातील बदलामुळे असे घडत असल्याचे दिसून आले. प्रत्यक्ष रक्तशर्करा व एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल तर ‘औषधाने गुण आला’ असे समजण्यापूर्वी या कारणाचा विचार व्हावा.

वनस्पतिज हेतू

लेखाचा गाभा आम्ही या प्रकरणास समजतो.

बाकला : फेविझमला कारण होणारी ही शेंग व्हिसिया फाबा या वनस्पतीची असून उत्तर भारतात ती बाकला नावाने परिचित आहे. तिच्यातील व्हायसिन व कॉन्व्हायसिन ही द्रव्ये आतड्यात विघटित होऊन तीव्र ऑक्सिडीकारक बनतात. ‘बीन’ या इंग्रजी शब्दामुळे आपल्याकडे वाल, पावटा व घेवडा यांच्याविषयी अकारण भीती पसरते. या वेगळ्या वनस्पती आहेत, आणि उणीव असलेल्या व्यक्तीस सरसकट सर्व कडधान्ये वर्ज्य सांगण्याचे कारण नाही.

कारले : कारल्याच्या बियांतूनही व्हायसिन वेगळे काढण्यात आले आहे. कारल्याच्या भाजीने रक्तकणविघटन झाल्याचे सिद्ध झालेले नाही. प्रमेहात बियांसह काढलेला रस किंवा बीजचूर्ण दीर्घकाळ योजावयाचे असल्यास मात्र ज्ञात उणीव असलेला रुग्ण वगळावा, असे आमचे मत आहे.

मेंदी : मदयन्तिकेच्या पानांतील रंगद्रव्य लॉसोन हे नॅप्थोक्विनोन वर्गातील आहे. त्याची रचना नॅप्थलीनपासून शरीरात तयार होणाऱ्या विषारी द्रव्याशी मिळतीजुळती असते. पश्चिम आशियातील देशांत नवजात अर्भकांना व बालकांना अंगभर मेंदी लावण्याची प्रथा आहे. तेथे उणीव असलेल्या बालकांत मेंदीनंतर प्राणघातक म्हणावे असे रक्तकणविघटन झाल्याचे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे. अर्भकाची त्वचा पातळ व शरीराच्या मानाने तिचे क्षेत्र मोठे असते, म्हणून बाह्य लेपही आभ्यंतर औषधासारखा शोषला जातो. प्रौढाच्या तळहातावरील मेंदीची गोष्ट निराळी असली तरी तान्ह्या बाळाच्या हातापायांवर हौसेने मेंदी काढणे, अथवा त्याच्या त्वग्विकारावर मेंदीचा लेप सुचविणे, टाळावे.

खोकली : अॅकॅलिफा इंडिका ही रानोमाळ उगवणारी वनस्पती. कासात तिचा वापर होतो, हे तिच्या मराठी नावावरूनच स्पष्ट होते. १९९६ मध्ये श्रीलंकेतील चिकित्सकांनी या वनस्पतीचा घरगुती पेय म्हणून वापर केलेल्या, जी६पीडीची उणीव असलेल्या रुग्णांत रक्तवाहिन्यांतर्गत तीव्र विघटन झाल्याचे प्रसिद्ध केले. कफकासासाठी बालकांना हिचा स्वरस देणाऱ्यांनी ही नोंद विसरू नये.

दारुहळद व रसांजन : येथे दुसऱ्या बाजूचा बोधही आहे. सिंगापूरमध्ये ही उणीव पुष्कळ आढळते व तेथे १९६५ पासून नवजातांच्या नाळेच्या रक्तातून तिची तपासणी होते. चिनी वैद्यकातील बर्बेरीनयुक्त वनस्पतींमुळे अर्भकांची कामला बळावते या समजुतीने तेथे १९७८ मध्ये बर्बेरीनवर बंदी आली. पुढे पुराव्यांची फेरतपासणी होऊन २०१३ पासून ती टप्प्याटप्प्याने उठविण्यात आली. दारुहरिद्रेतही बर्बेरीन असते. नवजात कामलेत ते टाळणे शहाणपणाचे असले तरी प्रौढ रुग्णांस त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. संशय आला म्हणून द्रव्य कायमचे दोषी ठरत नाही, आणि परंपरेने चालत आले म्हणून ते निर्दोषही ठरत नाही.

यांखेरीज एक घरगुती हेतू सांगितलाच पाहिजे. बाळाचे ठेवणीतले कपडे व दुपटी नॅप्थलीनच्या, म्हणजे डांबराच्या, गोळ्यांसह पेटीत ठेवले जातात आणि बाळ जन्मताच थेट वापरले जातात. नॅप्थलीनच्या वाफेने उणीव असलेल्या नवजातात तीव्र कामला होते, हे सुस्थापित आहे. सूतिकागृहात व घरी ही सूचना देण्यास काहीच खर्च येत नाही.

रुग्ण घेत असलेली अन्य औषधे

आपल्याकडे येणारा रुग्ण अनेकदा दोन्ही शास्त्रांची औषधे एकाच वेळी घेत असतो. विषमज्वरासारखा पुनःपुन्हा उलटणारा व्हायवॅक्स मलेरिया समूळ जावा म्हणून प्रायमाक्विन चौदा दिवस दिले जाते. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात डॅप्सोन असते. मूत्रमार्गाच्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन वापरतात. ही तिन्ही औषधे या उणिवेत सावधगिरीने द्यावयाची अथवा टाळावयाची आहेत. टॅफेनोक्विन या नव्या औषधापूर्वी तर विकराची संख्यात्मक मोजणी बंधनकारक मानली जाते. शिरेवाटे दिलेल्या क जीवनसत्त्वाच्या अतिप्रचंड मात्रेनेही विघटन झालेले आहे. त्याचा संबंध आहारातील वा रसायनातील आमलकीशी लावू नये.

गडचिरोलीसारख्या मलेरियाप्रवण भागांत आपल्या शास्त्राचे अनेक पदवीधर शासकीय आरोग्यसेवेत काम करतात. तेथे असे समजू की, एखाद्या मुलास प्रायमाक्विन सुरू झाले आणि त्याच वेळी घरच्यांनी काढाही दिला. तिसऱ्या दिवशी मूत्र काळे झाले. अशा वेळी काढ्यास दोष देऊन प्रायमाक्विन चालू ठेवणे मुलाच्या जिवावर बेतू शकते. काढा निर्दोष म्हणून त्याची चौकशीच न करणे हेही तितकेच चूक. दोन्ही तत्काळ थांबवून मुलास रुग्णालयात हलविणे हेच कर्तव्य होय. उणीव सिद्ध झाल्यावर मलेरियाचे निर्मूलन आठवड्यातून एक मात्रा असे आठ आठवडे, वैद्यकीय देखरेखीखाली, करण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेला आहे.

आयुर्वेदीय विचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव अशी उत्तरोत्तर सूक्ष्म विभागणी केलेली आहे, आणि बीजाचा जो अंश दुष्ट असेल त्यापासून घडणाऱ्या अवयवात विकृती येते असे प्रतिपादन आहे. सुश्रुताचार्यांनी शुक्रशोणितदोषजन्य व्याधींना आदिबलप्रवृत्त म्हणून त्यांचे मातृज व पितृज असे दोन भेद केले. म्हणून प्राचीनांना जी६पीडी जनुक ठाऊक होते असे म्हणणे हा अभिनिवेश ठरेल. तथापि या विकृतीचा विचार करण्यासाठी लागणारी चौकट आपल्या शास्त्रात आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

या विकृतीत बीजदोष एकटा व्याधी निर्माण करीत नाही, तो केवळ क्षेत्र तयार ठेवतो. बाह्य हेतू आला म्हणजे रक्तधातूची दुष्टी होऊन पांडू व कामला प्रकटतात. पांडुरोग्याने पित्तल द्रव्यांचे अतिसेवन केल्यास कामला होते, ही चरकोक्त संप्राप्ती येथे स्मरते. व्यवच्छेदासाठी पुरीषाची परीक्षा उपयुक्त आहे. शाखाश्रित, रुद्धपथ कामलेत पुरीष तिळकुटासारखे श्वेतवर्ण असते. रक्तकणविघटनात पुरीषाचा वर्ण टिकून राहतो वा गडद होतो.

या ठिकाणी चिकित्सेतील एक धोका स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. नेत्र पीत व मूत्र गडद दिसताच विरेचन योजण्याची आपली प्रवृत्ती असते. तीव्र रक्तकणविघटनात मुक्त हिमोग्लोबिनाचा भार वृक्कांवर पडलेला असतो. अशा वेळी विरेचनाने द्रवक्षय घडविल्यास वृक्क निकामी होण्याची भीती वाढते. तसेच पांडू म्हणून लोह वा मंडूर कल्प लगेच सुरू करू नयेत. लोहाची उणीव आहे का हे प्रथम तपासावे. या विकृतीची खरी चिकित्सा निदानपरिवर्जन हीच आहे, आणि हेतू वेळीच थांबविल्यास बहुसंख्य रुग्ण काही दिवसांत सावरतात.

व्यवहारातील दक्षता

१. प्रत्येक नव्या रुग्णास एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘कोणत्याही औषधानंतर वा तापात लघवी काळी किंवा तांबडी झाली होती काय?’

२. बालरुग्णाच्या मातेस विचारावे की, या बाळास वा त्याच्या भावंडास जन्मतः कावीळ होऊन निळ्या प्रकाशात ठेवावे लागले होते काय, रक्त बदलावे लागले होते काय.

३. नवजात कामलेत घरगुती वा शास्त्रीय काढ्यांवर विसंबून वेळ दवडू नये. बिलिरुबिनची तपासणी त्याच दिवशी व्हावी.

४. औषधपत्रावर वनस्पतींची नावे स्पष्ट लिहावीत. अपाय झाल्यास ‘काढा दिला होता’ एवढ्या माहितीने पुढील चिकित्सकाचे काम भागत नाही.

५. काळपट मूत्र, वाढती पांडुता, श्वास लागणे, मूत्राचे प्रमाण घटणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास रक्त देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पाठवावे.

६. उणीव सिद्ध झालेल्या व्यक्तीजवळ वर्ज्य द्रव्यांची लेखी नोंद सदैव असावी व मातृकुलातील नातलगांच्या तपासणीचा सल्ला द्यावा.

७. वनौषधीमुळे अपाय झाल्याचा संशय आल्यास तो आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता कार्यक्रमास कळवावा. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. अशी नोंद केल्याने शास्त्राची अप्रतिष्ठा होत नाही. खोकलीविषयीची श्रीलंकेतील नोंद झाली नसती तर आपण आजही अंधारातच राहिलो असतो.

उपसंहार

५१५ अमिनो आम्लांपैकी एक बदलते आणि मेंदीसारखे मंगल द्रव्य एखाद्या अर्भकास विष होते. यावरून मेंदी त्याज्य ठरत नाही, तसेच ते बाळही रोगी ठरत नाही. द्रव्य व पुरुष यांचा संयोग तेवढा अयुक्त ठरतो. प्रतिपुरुष परीक्षा करून औषध योजावे, हे आपल्या शास्त्राचे वैशिष्ट्य आपण अभिमानाने सांगतो. त्या परीक्षेत वरील एका प्रश्नाची भर घालणे प्रत्येक वैद्यास शक्य आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही. वाचक वैद्यांनी हा प्रश्न उद्याच्या पहिल्या रुग्णापासून विचारावयास आरंभ करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.